उलटा ठेवलेला कॅन

बाबूभाई गेला आणि जैनबबाईचं जग खिडकीएवढं झालं. नागभीडच्या रस्त्याला पुढं त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, मागं घर. इद्दतीचे दिवस चालू होते. नवरा गेल्यावर ठरलेले महिने बाईनं उंबरठा ओलांडायचा नाही, हे तिनं मनापासून पाळलं होतं. नमाज, तसबीहचे मणी, आणि दुपारी खिडकी. पहाऱ्याला नणंद तहसीन होतीच.

खिडकीशी यायची सुकरी. तेंदूपानं तोडायला जाताना जंगलात पाणी न्यायला तिच्या गावच्या बायांना कूलंटचे रिकामे कॅन लागत. बाबूभाई ते धुऊन भिंतीशी उलटे ठेवायचा. उलटा म्हणजे धुतलेला, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्यामागं दुकान चालवणाऱ्या पुतण्याला, सैफला मात्र ठाऊक नव्हतं.

काल जैनबनं सुकरीला आतूनच सांगितलं होतं, "भिंतीजवळचा उलटा घे, बाई."

आज दुपारी चंद्रपूरहून सैफचा फोन आला. "चाची, निळ्या कॅनले हात लावू नका. जीपमधलं काढलेलं कूलंट हाय त्यात. गळते का पाहाले बूच लावून उलटा ठेवला होता."

काल सुकरीनं नेला तो निळाच कॅन होता. या कूलंटमुळंच मे महिन्यात गाडी उकळत नाही, बाबूभाई कौतुकानं सांगायचा. आणि लगेच बजावायचा, चव गोड आहे, पण विष आहे. सांडलेलं चाटून गल्लीतला कुत्रा आधी दारुड्यासारखा झोकांड्या खात होता. मग त्याची लघवी बंद झाली, आणि तो गेला.

सुकरीचा फोन लागेना. गावात दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता.

तिनं बुरखा घेतला. तहसीन दारात आडवी झाली.

"भाभी, इद्दत आहे तुमची. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं लोक पाहतील. जीव जातो कुणाचा. अल्लाहले मी सांगीन."

"आणि मी काय सांगू मोहल्ल्याले?"

"सांग, भाभी पळून गेली. रिक्षानं."

रिक्षात ती दुरूद म्हणत राहिली. इतक्या दिवसांनी रस्ता दिसत होता, पण तिला त्यातलं काही दिसलं नाही.

सुकरी अंगणात मांडवाखाली पानांचे पुडे बांधत होती. शेजारी निळा कॅन.

"त्यातलं पेली का?"

"नाई जी. बोट लावून पाह्यलं. गोड लागलं. म्हटलं, बाईनं शरबत धाडलं. दिव्या झोपली हाय, उठली का पाजतो."

नात खाटेवर झोपली होती. जैनबनं कॅन उचलून छातीशी धरला. मग तिनं सगळं सांगितलं. त्याच रिक्षात बसवून तिनं सुकरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, बोटभर चाटलं तेवढ्यावर निभावलं म्हणाले.

सूर्य मावळायच्या आत जैनब परत आत आली. तहसीननं चहा पुढं सरकवला. जैनबनं भिंतीजवळचे सगळे कॅन आत मागवले, धुतलेलेसुद्धा, आणि एकेकाला खिळ्यानं भोक पाडलं. पाडता पाडता तिला कळलं, आता खिडकीशी यायला कुणाला कारण उरलं नाही.

आठवड्यानं खिडकीच्या गजाशी सावली पडली.

"कॅन नाई भेटत का, बाई?"

"नाई."

"मंग मी इथी काऊन येऊ?" असं म्हणत सुकरी खिडकीखाली फतकल मारून बसली.