चंदासाहेबाचं सोंग

“अजून खाली वाका, भाई. नाक जमिनीला लागलं पाहिजे.”

मी वाकलो. सगळे हसले.

सौदीतल्या राबिघमधल्या आमच्या कंपनीच्या कॉलनीतला हॉल. मराठी मंडळींच्या नाटकाची तालीम. दिग्दर्शक म्हणजे आमच्याच विभागाचे मॅनेजर, पुण्याचे. मी त्यांच्या हाताखाली प्लँट ऑपरेटर. रत्नागिरीकडचा मुसलमान.

नाटक चंदासाहेबावर होतं. दक्षिणेतल्या अर्काटच्या गादीसाठी लढलेला नवाब. मराठ्यांनी त्याला पकडून साताऱ्याला कैदेत ठेवलं. सुटला, तो पुन्हा गादीच्या लढाईत. त्याच्या मागे फ्रेंच, दुसऱ्या दावेदाराच्या मागे इंग्रज. शेवटी हरला. जिवाला धोका नाही, या शब्दावर शरण गेला आणि त्याचं डोकं उडवलं. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, हे काम जीव ओतून करायचं.

पण त्यांना तो माणूस नकोच होता. त्यांना हशा हवा होता. साताऱ्याच्या प्रवेशात नवाब तोंडावर पडतो. शिपाई त्याची दाढी ओढतात. तो मोडक्या हिंदीत ‘रहम, रहम’ करतो.

मी विचारलं, “मराठीत बोललो तर?”

“नवाब मराठी बोलला तर लोक हसतील कसे? बरं, तुम्हाला तर मेकअपही लागायचा नाही!”

पुन्हा हशा. मीही हसलो. मी, मराठी शाळेत शिकलेला. मला शरम वाटते ती या माझ्या हसण्याची.

का हसलो? सौदीकरणाचे दिवस होते, बाहेरच्यांना काढून सौदी माणसं घेत होते. आज याचा करार संपे, उद्या त्याचा. कुणाला ठेवायचं ते मॅनेजरच्या शब्दावर होतं.

त्या दिवशी तालमीला माझी मुलगी आली होती. पाचवीतली, इंडियन स्कूलमधली. बोलायची हिंदीतच. परतताना गाडीत म्हणाली, “अब्बा, वो राजा सच में ऐसे गिरता था?”

“नाही.”

“तो आप क्यों गिरे?”

तिच्याकडे बघवेना. घरी जाऊन जेवलो नाही.

पुढच्या शुक्रवारी मुलीला घेऊनच तालमीला गेलो आणि पडायच्या जागी उभाच राहिलो. म्हणालो, “साहेब, मी कैदी होईन. पडणार नाही. आणि बोलेन ते नीट बोलेन.”

“अहो भाई, नाटक आहे. एवढं काय मनाला लावून घेता?”

“नाटकच आहे ना? मग तुम्ही पडा.”

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. मी मुलीचा हात धरला आणि निघालो.

नाटक झालं. दुसऱ्या कुणाला तरी दाढी चिकटवली. खूप हसले म्हणे लोक. पुढे माझा करार वाढला नाही. “सौदीकरण. माझ्या हातात काही नाही,” साहेब म्हणाले. असेलही खरं. मी विचारत बसलो नाही.

मुलीला तिचं उत्तर मात्र दिलं. “भ्यालो होतो, म्हणून पडलो.” तिनं ऐकलं.

ती शरम अजून आहे. मला ती घालवायची नाही. पोटासाठी पडेल ते काम करीन. पण माझी माणसं कुणाच्या करमणुकीसाठी लोळवायची असतील, तर त्या कामाला मी नाही. नोकरी घ्या. मी उभा राहणार.