निवळेपर्यंत

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी आई काळ्या मनुका उकळत ठेवी, आणि गुजरातेतल्या बमरोलीच्या आमच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत एक जड, गोडसर, किंचित करपट असा गंध भरून राही. आम्ही मेथॉडिस्ट, प्रभुभोजनाला मद्य वर्ज्य, म्हणून द्राक्षारसाच्या जागी मनुकांचा रस. बाहेर रंगाईच्या कारखान्यांचा आंबूस दर्प, लूमची अखंड खडखड, आणि आत हा पवित्र रस. शेजारणी विचारीत, आज काय गोडधोड? आई हसून म्हणे, उद्याचं आहे. ‘उद्याचं’ म्हणजे नेमकं काय, हे आम्ही सहसा उलगडून सांगत नसू. अल्पसंख्य माणसाच्या बोलण्याला मोघमपणाची सवय लागते, आणि ती आम्हांला चांगलीच लागली होती.

आमची मराठी मंडळी तशी मूठभर. वाशीम-नागपूरकडून गिरण्यांमागे आलेली पंधरा-वीस घरं. गुजराती मंडळींची उपासना आटोपली की दुपारी तेच चर्च आम्हांला मिळे; त्यांच्या मेणबत्त्यांचा विझलेला वास अजून हवेत असताना आमचं पहिलं गीत सुरू होई. बाबा तिथे पंच होते. आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, सुपडाबाई बसत.

सुपडाबाई आमच्या शेजारच्या खोलीत राहत. धुळ्याकडच्या, विधवा, साड्यांचे दोरे कापण्याचं काम करीत. एकुलती एक मुलगी लहानपणीच गेलेली. एका रविवारी आईबरोबर सहज म्हणून त्या चर्चला आल्या. त्या दिवशी पाळकांनी मित्राच्या कबरीपाशी येशू रडला तो शास्त्रपाठ वाचला. परतताना रिक्षात त्या आईला म्हणाल्या, “रडणारा देव मन्हा कामना शे.” माझ्या कामाचा, असं त्यांच्या बोलीत. त्यानंतर त्यांचा एकही रविवार चुकला नाही. बाप्तिस्मा मात्र झालेला नव्हता, त्यामुळे प्रभुभोजन त्यांना मिळत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे ओळीने उठून वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकायला जात, आणि जाताना लेकुरवाळ्या आपापली तान्ही मुलं सुपडाबाईंच्या मांडीवर ठेवून जात. दोन मांडीवर, एक खांद्यावर, एखादं पदराला धरून उभं. रिकाम्या झालेल्या बाकांमध्ये एकट्या सुपडाबाई उरत आणि त्यांच्या अंगावर मंडळीची सगळी पोरं. आमच्याकडचं एकही मूल त्यांच्या मांडीवाचून मोठं झालं नसेल.

त्यांनी बाप्तिस्मा मागितला तो नेमका वाईट वर्षी. पाळक राजी झाले, नाताळानंतरचा रविवार ठरला, आईने आपली कोरी पांढरी साडी त्यांच्यासाठी काढून ठेवली. आणि नाताळातच डांगच्या रानातली प्रार्थनाघरं जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सकाळी गुजराती पेपर उघडताना बाबांचा चहा निवून जाई. कारखान्यात ज्यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं डबा खाल्ला, ते आता सहज विचारल्यासारखं विचारीत, “मास्टर, तमे लोको खरेखर धरम बदलावो छो?” बाबा हसून विषय बदलत. चर्चच्या फाटकाशी पोलीस उभा राहू लागला, आणि बाबांचं बायबल साडीच्या दुकानाच्या पिशवीतून प्रवास करू लागलं.

पंच बसले. त्यांना भ्याड म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. त्यांच्या प्रत्येकाच्या घरात लेकीबाळी होत्या. “उद्या कोणी म्हटलं, बाईला फूस लावून आणली, तर कोणाकोणाला समजावणार?” एकाने विचारलं, आणि बाप्तिस्मा पुढे ढकलायचं ठरलं. निरोप सांगायचं काम बाबांकडे आलं. “बाई, थोडं निवळू द्या,” ते म्हणाले. सुपडाबाईंनी मान डोलावली.

निवळण्याची वाट पाहण्यात ईस्टर गेला. पावसाळ्यात पाळक आजारी पडले. मग निवडणुका आल्या, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर काही निवळत नसतंच. दर वेळी बाबा तेच वाक्य नव्या महिन्याच्या आधाराने म्हणत, आणि दर पहिल्या रविवारी सुपडाबाईंच्या मांडीवर मुलांची भर पडे. दिवाळीनंतर एकदाचा तोडगा निघाला: बुधवारी दुपारी, दार लावून, चार माणसांत बाप्तिस्मा उरकायचा. बाबा आनंदाने सांगायला गेले. मी सोबत होतो. सुपडाबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“दार लाईसन?” त्या म्हणाल्या. “मी काय चोरी करस का, दादा? लेसू ते सगळास्ना मोरे लेसू.”

घेईन तर सगळ्यांसमोर घेईन, हे ऐकून बाबा उंबऱ्याशी उभेच राहिले. रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, आणि पुढच्या रविवारी नेहमीसारख्याच शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. तो महिन्याचा पहिला रविवार होता; बाबा रस घ्यायला कठड्याशी गेले नाहीत.

त्या हिवाळ्यात सुपडाबाईंना कावीळ झाली. कडोदऱ्याला लूमवर असलेला त्यांचा पुतण्या त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, आणि आमचं भेटायला जाणं आज-उद्या होईतो तोच एका सकाळी दारात येऊन उभा राहिला. काकू गेली, म्हणाला. दुपारी तापीवर नेतोय.

आम्ही सातआठ जण गेलो. वाटेत बाबा हलक्या आवाजात सगळ्यांना सांगत होते, “कोणी विचारलं तर शेजारी म्हणायचं.” नदीवर थंड, पांढुरका उजेड होता आणि पाणी हलत आहे की नाही, कळत नव्हतं. चिता रचून झाली होती. आम्ही बऱ्याच अंतरावर, एका बाजूला उभे राहिलो. सुपडाबाईंसाठी प्रार्थना करावी तर कोणत्या हक्काने, आणि न करावी तर कोणत्या तोंडाने, हे कोणालाच समजेना. दुःखापेक्षा संकोच मोठा झालेला असा अंत्यविधी मी पुन्हा पाहिलेला नाही.

पुतण्याची नजर आमच्याकडे गेली. तो गर्दीतून सरळ चालत आला. बाबांनी ठरवलेलं उत्तर ओठांपाशी आणलं असणार. त्यांचा हात माझ्या मनगटावर आवळला गेला. पण त्याने काहीच विचारलं नाही. “काकू तुम्हनंच नाव लेये,” तो म्हणाला. “दूर काबरं उभा, बाबा? या ना, लाकूड ठेवा.”

आणि बाबा गेले. त्या सगळ्या अनोळखी माणसांनी दोन्ही बाजूंना सरून त्यांना वाट दिली. सगळ्यांच्या समोर त्यांनी चितेवर एक लाकूड ठेवलं आणि स्पष्ट आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच चर्चच्या भिंतींबाहेर, येशूचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. पुतण्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

बाबा परत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले तेव्हा ज्वाळा वर चढल्या होत्या. “एवढंच करायचं होतं रे,” ते म्हणाले. “मागच्या वर्षीही एवढंच होतं.”