कळंबला वाहायचं फूल

आई कळंबच्या चिंतामणीला एक नवस बोलली होती आणि तो कशासाठी, हे ती कुणालाच सांगत नव्हती. आम्हाला माहीत होतं ते एवढंच: नवस फेडायचा होता एका फुलाने, आणि ते फूल ज्या झाडाला यायचं ते झाड आमच्या खिडकीत मरत होतं. मी तेव्हा यवतमाळला एका दैनिकाच्या कार्यालयात काम करत होतो. देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो संकष्टीला आईने हातावर ठेवलेल्या प्रसादापुरता होता. ज्या गोष्टीला दुसऱ्या कुणाचा दुजोरा मिळत नाही ती बातमीत घ्यायची नाही, ही माझी सवय होती, आणि नवसाला दुजोरा कोण देणार?

कापसाची ती वाईट वर्षं होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. जिल्ह्यात बाहेरून माणसं येत. कुणी लिहायला, कुणी फोटो काढायला, कुणी अभ्यासाला. त्यांना गावं दाखवण्याचं काम बहुधा माझ्याकडे येई. अशीच एक अभ्यासक बाई आठवडाभर आमच्या घरी उतरली. आईने तिला ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत खाऊ घातलं. परत जाताना तिने नागपूरहून आईसाठी ऑर्किडची कुंडी पाठवली. जाड, रुंद पानं, वर जांभळ्या फुलांची एक कमान, आणि खाली पारदर्शक भांड्यात माती नाहीच, कुठल्याशा झाडाच्या सालीचे तुकडे. सोबत निरोप होता की पाणी फार घालू नका. फार म्हणजे किती, हे तिने कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात तुळस आणि कढीपत्ता यांपलीकडे कुणी काही लावलं नव्हतं.

ती फुलं दोन महिन्यांहून अधिक टिकली. आईला त्याचं फार अप्रूप वाटलं. देवाला वाहिलेली जास्वंद संध्याकाळी मान टाकते, आणि हे फूल मात्र सकाळी पाहावं तर कालच्यासारखंच. मग एकेक करून तीही गळाली. त्याच सुमाराला मी एकदा घाटंजीकडच्या एका गावातून, अशाच एका शेतकऱ्याच्या घरून परतलो आणि न जेवता झोपलो. आईने काही विचारलं नाही. पुढच्या संकष्टीला ती एसटीने कळंबला गेली आणि आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "त्या झाडाले पुन्हा फूल आलं की पह्यलं चिंतामणीचं. बोलली मी तसं."

"काय मागितलं?" मी विचारलं.

"फेडल्यावर सांगीन. आधी सांगत नसतेत."

"कोणासाठी, एवढं तरी?"

"काहून? पेपरात छापतं काय?"

माणसांकडून माहिती काढणं हा माझा धंदा होता. मी अनेक बाजूंनी प्रयत्न केला. आईने दाद दिली नाही.

नवस बोलल्यावर झाडाची काळजी वाढली आणि तिथेच ते बिघडलं. आईचं माहेर राळेगावकडचं, शेतकऱ्याचं. सालीच्या तुकड्यांवर झाड जगतं हे तिला पटेना. "उपाशी ठेवलं बिचाऱ्याले," ती म्हणे. तिने मामांना निरोप धाडला आणि मामांनी पिशवीभर काळी माती आणली. आमच्याकडच्या माणसाला काळ्या मातीविषयी शंका येत नाही. जे तिच्यात येणार नाही ते कुठेच येणार नाही, असं आम्ही धरून चालतो. मातीची नवी कुंडी आणली, साल फेकून दिली, मुळांभोवती माती मी स्वतः दाबली. कुंडी देवघराशेजारच्या खिडकीत ठेवली. कळंबच्या कुंडातलं तीर्थ आई बाटलीत आणून ठेवी. रोज पूजा झाली की त्यातलं पळीभर आणि देवांच्या स्नानाचं सगळं पाणी ती झाडाला घाली. देवाला द्यायचं फूल, त्याला देवाचंच पाणी, यात चूक शोधावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझी बायको गमतीने म्हणायची, "आई, रोज आंघोळ घालता त्याले. सर्दी होईन नं."

पावसाळा सरता सरता पानं सुरकुतली. पानं सुकलेली दिसली म्हणून आम्ही पाणी वाढवलं. मग एक पान पिवळं पडून देठाशी सुटलं, त्यामागे दुसरं. त्याच दिवसांत आईच्या पायांवर सूज दिसू लागली. जिना चढताना ती मध्येच थांबे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय थकलं आहे, मीठ कमी करा, पाणी बेताने प्या, चढउतार बंद. कळंबचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात आणि परत चढाव्या लागतात. आईचं जाणं थांबलं. मला ती आजाराविषयी कधी बोलली नाही. बायकोला मात्र दोनदा म्हणाली की नवस अंगावर घेऊन जाणं बरं नाही. आमच्याकडे ही भीती खरी असते. देणं राहिलं की जीव अडकतो, असं म्हणतात. मी हे मानत नव्हतो, पण आई मानत होती, आणि मरायला टेकली होती ती आई. त्यामुळे माझ्या न मानण्याला घरात किंमत उरली नव्हती. मी सकाळी उठून आधी झाडाकडे पाही.

कार्तिकात झाडावर एकच घट्ट पान उरलं. आईने ते अंगठ्याने चाचपलं आणि शांतपणे म्हणाली, "फूल नाई येत आता याले. झाडच नेऊन ठेव त्याच्या पायाशी. सांग, आमच्याच्यानं एवढंच झालं."

तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. ती सोडून देत होती. मला ते जमत नव्हतं, पण कुंडी उचलून मी बसस्थानकावर गेलो.

बसला गर्दी होती. मला उभंच राहावं लागलं. गाव सुटल्यावर चालकाने बैल वाचवायला करकचून ब्रेक लावला आणि कुंडी माझ्या हातून सुटून फुटली. समोरच्या बाकावर एक पन्नाशीची बाई बसली होती. तिच्या पायांवर आणि लुगड्याच्या काठावर काळा चिखल पसरला. त्याला कुजकट वास येत होता.

"काय भाऊ," ती म्हणाली, "वावर घेऊन फिरता काय यष्टीत?"

बस हसली. मी माफी मागितली आणि झाड कळंबला देवाला न्यायचं आहे, असं सांगितलं. ते ऐकताच तिचा सूर बदलला.

"देवाले? अन् असं चिखलाचं? कोणी शिकवलं तुमाले?"

तिने झाड माझ्या हातातून घेतलं. खिडकीतून हात बाहेर काढून ती आपल्या बाटलीतल्या पाण्याने ते धुऊ लागली. झाडाचं तिला काही कळत होतं असं मला वाटत नाही, तिने तसं म्हटलंही नाही. देवापुढे न्यायची वस्तू स्वच्छ असावी, इतकंच तिला कळत होतं. मुळांचा काळा, लिबलिबीत भाग हाताला लागला तसा ती नाक मुरडून ओरबाडून टाकत गेली. मग पिशवीतले नारळ काढले, शेंड्या शाबूत ठेवून बाजूचा काथ्या सोलला, तो झाडाच्या बुडाला गुंडाळला आणि पूजेच्या सामानातल्या लाल नाड्याने बांधला. "आता कसं दिसते? नवरीवानी," ती म्हणाली. बसमधल्या कुणीतरी म्हटलं, "मावशी, अक्षता द्या मंग." त्यावर ती त्यालाही काही बोलली आणि पुन्हा सगळे हसले. कळंबच्या अलीकडे एका फाट्यावर बस थांबली, तेव्हा ती नारळांची पिशवी घेऊन उतरली. चिखलाने भरलेले पाय तिने रस्त्याकडेच्या गवतात पुसले. बस निघाली. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. बातमीतल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि गाव लिहून घेणाऱ्या मला हे कळंबला उतरल्यावर सुचलं.

मंदिरात खाली उतरून मी झाड पुजाऱ्यांपुढे धरलं आणि आईचा निरोप सांगितला. त्यांनी काथ्या बोटाने जरा बाजूला केला. धुतल्यामुळे आतलं दिसत होतं. सगळी मुळं गेली होती, एक शिल्लक होतं आणि ते हिरवं होतं.

"हे तर जिवंत आहे," ते म्हणाले. "जिवंत झाड मी इथे कुठे ठेवू? इथे ऊन नाही. परत न्या. फूल आलं की या."

मी वाद घातला नाही. आईने जे द्यायला सांगितलं होतं ते देवाने ठेवून घेतलं नाही, असं मनात आलं. त्याचा अर्थ काय लावावा ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर झाड खिडकीच्या गजाला तसंच नाड्याने टांगलं. नवी कुंडी आणायला वेळ नव्हता. खरेदी केंद्रांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि मी दिवसभर बाहेर असे. काथ्या हाताला पार कोरडा लागला की बायको पाण्याचा शिपका देई, एरवी त्याकडे कुणी पाहत नव्हतं. काही आठवड्यांनी त्या एका मुळाला पुढे चकचकीत हिरवं टोक फुटलं. मग बुडाशी दुसरं मूळ आलं. आईची खाट त्याच खिडकीखाली होती. तिने ते आमच्याआधी पाहिलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून बोलली नव्हती. आम्ही सांगायला गेलो तर हसली. "आमी दोघं एकाच पथ्यावर हावो," म्हणाली. "पाणी कमी केलं त दोघंबी सुधरलो."

झाड सुधारलं. आईचं ते सुधारणं थोड्या दिवसांचं होतं. वैशाखात सूज परत आली. शेवटच्या आठवड्यात मी एकदा तिला म्हणालो की आता सांग, नवस कशाचा होता, मी तो फेडीन, शब्द देतो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती सांगेल. ती म्हणाली, "फूल येऊ दे नं, बापू. सांगतो तुले." वऱ्हाडातल्या जुन्या बायका अशाच बोलतात, सांगतो, जातो. तेव्हा झाडाला नवं पान निघालं होतं, फुलाचा पत्ता नव्हता. चार दिवसांनी पहाटे ती गेली. जाताना तिचा जीव अडकला नाही. श्वास हळूहळू कमी होत थांबला. याचं समाधान मानावं असं सगळे म्हणाले, आणि मी मानतोही. पण मला तिच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. ते राहिलं.

फूल पुढच्या माघात आलं. बारीक दांडा निघाला, त्याला दोन कळ्या धरल्या. एक वाळली आणि एक उमलली. आईचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. उमललेलं फूल मी किती वेळ नुसतं पाहत बसलो होतो. ज्या माणसाने ते पाहायला हवं होतं त्याची खाट आम्ही केव्हाच उचलून ठेवली होती.

ते खुडून मी कळंबला गेलो. पुजारी तेच होते. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही जुनं काही काढलं नाही. त्यांनी विचारलं, नवस कुणाचा? मी आईचं नाव सांगितलं. कशासाठी होता? मी म्हणालो, मला माहीत नाही. ते म्हणाले, "चालेल," आणि फूल मूर्तीवर ठेवलं.

घटनेमागचं कारण मिळालं नाही तर बातमी अर्धवट राहते, असं मी आयुष्यभर नव्या मुलांना शिकवत आलो. त्या दिवशी मी कारण न कळता हात जोडले आणि ते अर्धवट वाटलं नाही. मी जे समजून, सांभाळून केलं होतं त्याने झाड मरत होतं. ते हातातून सुटलं, एका अनोळखी बाईने ते देवासाठी धुतलं, आणि ते जगलं. यात देवाचा हात किती, हे मी ठरवू शकत नाही. त्या बाईचे आभार मानायला मी त्या फाट्यावर दोनदा उतरून पाहिलं, ती भेटली नाही. ते आभार मी चिंतामणीपाशीच ठेवून आलो.

आईने काय मागितलं होतं, ते मला आता कळणार नाही. कधी वाटतं तिने मामांच्या शेतासाठी मागितलं असेल, कधी वाटतं पावसासाठी, कधी मी त्या रात्री न जेवता झोपलो होतो ते आठवतं. मागितलेलं तिला मिळालं की नाही, तेही कळायला मार्ग नाही. कदाचित ते मिळालं असेल आणि मी रोज त्यातच राहत असेन.