साहेबांसाठी झाडलेलं गायरान

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला पहिल्यापासून हौस. कुणी विचारो न विचारो, मी पदर खोचून पुढे. त्यातून बरंही पुष्कळ झालं, ते सांगायला मला आवडतं. हे एक मात्र सांगायला घेतलं की बसवत नाही. मध्येच उठते, उगाच खिडकी लावते, परत उघडते.

साठ साल उलटून गेलं होतं. आम्ही इकडे कानडी मुलखात, शहरातल्या शिवाजीनगरला राहायचो आणि मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. घराण्यातली नोकरी करणारी पहिली मुलगी, त्यामुळे डोक्यात जरा वारंच शिरलेलं. माझी आत्या देवनहळ्ळीजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या सासरची माणसंही आमच्यासारखीच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तिच्याकडे नऊ गाई होत्या. पहिल्या बसने त्यांचं दूध शिवाजीनगरच्या हॉटेलांत यायचं आणि त्यावर तिचं घर चालायचं. गाई चरायच्या गावाच्या गायरानात. इकडे त्याला गोमाळ म्हणतात. ते कुणा एकाच्या नावावर नसतं, तिथे कुणी नांगर धरत नाही, सगळ्या गावाची गुरं तिथे चरतात.

त्या गायरानावर एका कागद गिरणीची नजर पडली. जमीन पडीक आहे, आम्हाला निलगिरी लावायला द्या, असा तिचा अर्ज आमच्याच कचेरीत आला. गावानेही उलट अर्ज केला. पण गावाकडे कागद नव्हता, नुसती वहिवाट होती. म्हणून साहेबांनी स्वतः जाऊन पाहणी करायची ठरवली.

पाहणीचा दिवस मला टायपिंगच्या टेबलावर कळला. मग मी कसली थांबते! त्याच संध्याकाळी बस धरून आत्याचं गाव गाठलं. तिच्या ओसरीवर गावातली चार वडीलधारी माणसं गोळा झाली, आणि तेवीस वर्षांची मी त्यांना आमचे साहेब समजावून सांगू लागले. साहेब फार टापटिपीचे. टेबलावर चिमूटभर धूळ दिसली तरी शिपायाची खरडपट्टी. शेणाचा वास आला की नाकाला रुमाल.

"मग काय करूया म्हणतीस?" आत्याच्या यजमानांनी विचारलं.

"सगळं स्वच्छ पाहिजे, मामा. साहेबांचं मत चांगलं झालं पाहिजे."

"सरी, ठीक आहे. ते आमच्यावर सोड."

खेड्याला पाहुणचार शिकवावा लागत नाही. दोन दिवस सारं गाव गायरानात राबलं. बायकांनी पाट्या भरभरून शेण उचललं. खराट्यांनी माळ झाडला, गुरांच्या वाटेवर पाणी मारून ती चोपून काढली. साहेबांच्या अंगावर एखादी मारकी गाय जायला नको म्हणून गावातलं एकूण एक जनावर गोठ्यात बांधून टाकलं. वेशीवर आंब्याच्या डहाळ्या लावल्या. साहेब आले, हार घातला, शहाळं दिलं. इतकं स्वच्छ गाव मी पाहिलं नाही, असं साहेब म्हणाले म्हणे. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर आत्याचा निरोप आला, साहेब खूश होऊन गेले. मी कचेरीत दिवसभर हवेत होते.

चार दिवसांनी साहेबांच्या हातचा अहवाल टाइप करायला माझ्याकडे आला. तिसऱ्या परिच्छेदावर बोटं थांबली. जागेवर एकही जनावर दिसले नाही. शेण अथवा खुरांच्या खुणा नाहीत. चराईची वहिवाट आढळून येत नाही. साहेबांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

कागद तसाच यंत्रात ठेवून उठले आणि साहेबांच्या खोलीत शिरले. एकच वाक्य बोलायचं होतं, माझ्या सांगण्यावरून गावाने माळ झाडला आणि गुरं बांधून ठेवली होती. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता: कचेरीतली गोष्ट गावात कुणी नेली? नोकरी गेली असती. साहेबांनी मान वर केली.

"काय हवंय?"

"कार्बन संपलाय, साहेब."

कार्बन संपला नव्हता. अख्खी पेटी माझ्या खणात पडून होती. मी परत येऊन अहवालाच्या तीन प्रती काढल्या, त्यांत एक चूक नाही. इतकी भित्री मी असेन असं मला तोवर वाटलं नव्हतं.

गायरानाला तारेचं कुंपण पडलं. आत शिरलेली गुरं गिरणीची माणसं कोंडवाड्यात घालू लागली. आत्याने एकेक करून गाई विकल्या, दूध बंद झालं, आणि मामा पन्नाशीत दुसऱ्याच्या मळ्यावर मजुरीला जाऊ लागले. एकदा आत्या आमच्याकडे आली होती. तिचे हात सुकले होते. शेजारीण चुकचुकली तशी आत्या म्हणाली, "नशिबात नव्हतं, अक्का. पण या पोरीचे उपकार मोठे. हिनं आधी येऊन सांगितलं म्हणून तर गावाची अब्रू राहिली. नाहीतर साहेब शेणातून चालत गेले असते, काय म्हटलं असतं त्यांनी?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आत्या पुढे पुष्कळ वर्षं जगली. ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्यादेखत कौतुकाने सांगायची, आणि मी एकदाही तिला थांबवलं नाही.