नळ फुंकणारा उस्ताद

खापरी नळाचा तुकडा उचलायचा, एका टोकाला ओठ लावून हळूच फुंकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. नाद चिरका आला की तुकडा बाजूला. "ह्यो अर्धं पानी सोताच पिईल, सेठ." बीडात नळ बसवणाऱ्या उस्तादाला असं फुंकताना तुमच्यापैकीही कुणी पाहिलं असेल.

नळ हा शब्द कुठला, हे त्यानेच मला सांगितलं. नदीकाठी देवनळ वाढतो, बोरूसारखा, आतून पोकळ. "पयलं पानी मान्सानं त्याच्यातून नेलं. आमी मातीत त्याचीच नक्कल करतो." बोलताना त्याचे हात थांबायचे आणि माझा पारा चढायचा.

मी सरकीची पोती पाठीवर वाहून दुकान उभं केलेला माणूस. घर बांधताना मनात एकच होतं. बायकोचा गुडघा सुजलेला. तिला बारवेच्या पायऱ्या उतरायला लावायच्या नाहीत. गावात पाणी आणणाऱ्या नहरीपासून घरच्या मोरीपर्यंत चर खणला, निम्मे नळ बसले, आणि ऐन उन्हाळ्यात उस्ताद हत्यारं गुंडाळू लागला. पाटोद्याला जनावरांच्या हौदाचा नळ फुटला होता.

"माझं काम टाकून का म्हून चाललास बे?"

"उन्हाळ्यात आदी मुक्या जनावराचं, मंग घराचं. आमच्यात तसंच हाय."

"आन् माझ्या बायकोचा पाय?"

"लई वंगाळ वाटतं, सेठ," तो खाली बघत म्हणाला आणि गेला. दुसरा कारागीर त्याच्या अर्ध्या कामाला हात लावेना. बायको बारवेवर जात राहिली.

उन्हाळा सरता सरता तो परतला, तापाने खंगलेला. फुंकायला छातीत दम नव्हता. नळ त्याने माझ्या बायकोच्या हाती दिला. "भाभी, तुमी फुंका. मी ऐकतो." ती पाय लांब करून फुंकत राहिली, तो दुसऱ्या टोकाला कान लावून मान हलवायचा. नळांचे सांधे चुन्या-कापसाने त्यानेच भरले. मोरीत पाणी आलं.

गुडघा मात्र तोवर गेला होता. वैद्य म्हणाला, आता वाकणार नाही. तो राग माझा अजून उतरलेला नाही.

एकदा चांगला खडसावावा म्हणून त्याच्या घरी गेलो. दारात माणसं बसली होती. सकाळीच त्याला मूठमाती देऊन आली होती. कुणीतरी सरकून मला जागा दिली. मी बसलो.

घरी आलो तर बायको मोरीपाशी भिंत धरून उभी. घागर भरत आली होती.

"लई बोललात का त्यांना?"

"न्हाई. घरी नव्हता."

"येतील की," म्हणत ती घागरीकडे वळली. मी पुढे होऊन ती उचलली.