मुनीरच्या चार रकाती

बाबाजान पिंजाऱ्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की आपल्याला काहीच ठाऊक नाही. त्याचा मुनीर नऊ वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. बहिरा म्हणावं, तर बापाच्या कापूस पिंजायच्या पिंजणाची तार वाजली की धावत यायचा. वेडा म्हणावं, तर तांब्या जिथला तिथं नसला की घर डोक्यावर घ्यायचा. डॉक्टर झाले, ताईत झाले. एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ!

बहात्तरचा दुष्काळ. आई हसीना खडी फोडायला जायची, म्हणून बाप जाईल तिथं पोर. मशिदीतसुद्धा. तिथं तो मध्येच हुंकारायचा, टाळ्या पिटायचा. अखेर मशिदीचं बघणारे कादरचाचा म्हणाले, "बाबाजान, आज शेवटचं. पुन्हा काही केलं, तर त्याला आणू नगंस."

"मग मी तरी कसा येऊ, चाचा?"

चाचा रांग सरळ करायला वळले.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज उभी राहिली. चार रकाती, म्हणजे उभं राहायचं, वाकायचं, कपाळ जमिनीला टेकून सजदा करायचा, असं चार वेळा. एका रकातीच्या सजद्यानंतर, चार झाल्यावर बसतात तसे मौलवीसाहेब बसले, मागं सगळी रांग बसली. मुनीर मात्र ताठ उभा! बाबाजाननं त्याचा सदरा ओढला. पोर हलेल तर ना! बापाचा जीव अर्धा झाला. तीन झाल्या की चार? एवढी जाणती माणसं चुकतील व्हय? त्याला पोराची लाज वाटली, आणि त्या लाजेचीही लाज वाटली. मान दोन्हीकडं फिरवून सगळ्यांचा सलाम झाला, नमाज संपली. मुनीर एकटाच वाकला, सजदा केला, मग बसून मान दोन्हीकडं फिरवली.

"बघितलंस?" चाचा तडकले. "आख्खी रांग बसली, ह्यो खांबावानी उभा!"

"पर चाचा," म्हातारा रसूल अत्तार चाचरला, "मला तीनच झाल्यासारकं वाटतंय."

"तीन? छ्या! चार!"

ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळाच आकडा. मौलवीसाहेबांनी बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाले, "तीनच. चूक माझी. पुन्हा उभे राहा."

रांग लागली. मुनीर दारात जाऊन चपला घालायला बसला. बाबाजान ना रांगेत, ना दारात. पोराला कळलं होतं, का नुसती सवय? अल्ला जाने!

चाचांनी शेजारची जागा मोकळी केली. "बोलव त्याला. माझ्याजवळ उभा कर."

बाबाजाननं दोनदा हाक मारली. मुनीरनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"न्हाई यायचा तो, चाचा," बाबाजान म्हणाला. "त्याच्या चार झाल्या."