मुक्यांची जाहिरात

जाहिरातीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, माळ्यावरच्या रद्दीसारखे आपोआप साठतात. साड्यांचे सेल, क्लासचे टॉपर, फ्लॅटचं बुकिंग, सगळं महिन्याभरात डोक्यातून जातं. पण करमाडजवळच्या मंदाताईंचं काम अजूनही गेलेलं नाही.

मंदाताई मार खाल्लेली, टाकून दिलेली कुत्री सांभाळायच्या. जागा मालकाला परत हवी होती. दिवाळीच्या आत कुत्र्यांना घरं मिळाली नाहीत तर ती पुन्हा रस्त्यावर! आमचे बोराडे सर म्हणाले, "फुकट करू. लोकांना रडवलं की काम झालं!" आणि रडवायची जबाबदारी माझी, कारण ऑफिसात मजकूर लिहिणारा मी एकटाच.

*

पहिलं होर्डिंग जालना रोडला लागलं. ताईंच्या मोबाइलमधलं जखमी कुत्रं, एवढाले डोळे. खाली माझी ओळ: 'यानं तुमचं काय बिघडवलं होतं?' सरांनी माझी पाठ थोपटली.

फोन काही वाजेना. वाजला तो होर्डिंगखालच्या चहावाल्याचा!

"साहेब, ते बोर्ड काढा ना. गिऱ्हाईक वर बघायलंय अन् चहा अर्धा ठेवून निघायलंय!"

लोकांना वाईट वाटत होतं, यात शंकाच नाही. फक्त कुत्रं कुणी नेत नव्हतं.

*

मग सरांनी कायद्याचा धाक दाखवायचं ठरवलं. कन्नडच्या बाजारात भोंगा लावून जीप फिरवली. सरांचाच खणखणीत आवाज: "कुत्रं असो की बैल, मुक्या प्राण्यांचा छळ हा गुन्हा आहे!"

दुसऱ्याच फेरीला एका शेतकऱ्यानं जीप अडवली. त्याची जोडी दाव्याला हिसके देत होती.

"छळ कोन करायलंय ओ? आधी तुमचा भोंगा बंद करा, बैलं बुजायलेत!"

आम्ही काढता पाय घेतला. दिवाळी जवळ येत होती.

*

आमचे फोटोग्राफर इरफानभाई. त्यांना नव्या पोस्टरसाठी दुःखी कुत्रं हवं होतं. पण ताईंकडची कुत्री खाऊनपिऊन सुखी. जे ते शेपूट हलवत कॅमेरा चाटायला येई.

"ये तो हँस रा भाई! इसको देखके कोन रोयेंगा?"

सर म्हणाले, "जरा ओरडा की त्याच्यावर!"

मंदाताई नुसत्या सरांकडे बघत राहिल्या. सरांनी घाईघाईनं खिशातलं बिस्किट काढून कुत्र्याला दिलं.

*

शेवटी ठरलं, साखळी लावून फोटो घ्यायचा, दोनच मिनिटं. म्हातारा मोती शांत होता, म्हणून त्याला निवडलं. मी पिशवीतून नवी साखळी काढली. ती खळखळली आणि मोती उभ्या जागी मुतला.

इरफानभाईंनी कॅमेरा खाली ठेवला. "नको सर. अपने से नई होता."

मग नुसत्या साखळीचाच फोटो काढला, शेजारी रिकामी थाळी. मी लिहिलं: 'साखळी आहे. तो कुठे आहे?' खाली ताईंचा पत्ता आणि फोन नंबर.

ही जाहिरात मात्र लागू पडली! फोनवर फोन. एकेक कुत्रं घरी गेलं. प्रत्येक वेळी मला धाकधूक, हे लोक नीट वागवतील ना? मागे उरला मोती. म्हाताऱ्या कुत्र्याला कोण विचारतो?

*

जागा सोडायचा दिवस उजाडला. ताई भांडी बांधत होत्या, आम्ही मदतीला. तेवढ्यात शेंद्रा गावचा एक माणूस मोटारसायकलवर आला. मोबाइलवर आमचंच पोस्टर.

"हे बोर्ड तुमचंच ना? माझं कुत्रं साखळी तोडून पळालं व्हतं. काळं हाय, डावा कान तुटलेला."

मोतीच तो.

ताईंचा चेहरा दगडासारखा झाला. "तुम्हीच बांधून ठेवायचात?"

"व्हय."

"मारायचात?"

तो खाली बघत म्हणाला, "व्हय. हे बोर्ड बघितलं अन् झोपच यायना. म्हनून आलोय. आता नाय बांधनार."

"जाहिरात लागू पडली रे!" सर माझ्या कानात पुटपुटले. जन्मभर लोकांना पटवायचं काम केलं आणि एक माणूस 'पटलं' म्हणतोय, तर विश्वास आमचाच बसेना! नाही म्हणावं तर मोती आज रात्री रस्त्यावर. हो म्हणावं, तर याच्या दारात.

"मोतीलाच ठरवू दे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फाटक उघडलं.

मोती गुरगुरला नाही, पळालाही नाही. सावकाश चालत त्या माणसासमोर गेला, मान खाली घातली आणि साखळी अडकवायची वाट बघत उभा राहिला.

माणसाचे दोन्ही हात रिकामे होते. तो "मोत्या, मोत्या" करत राहिला. मोती मान वर करेना.